लाकडी टेबल, काचेचं टॉप, संगमरवर: पेल्याखाली नक्की काय ठेवावं?

पानगळ

तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांसाठी कोस्टर आणि मॅट घ्यायचे किंवा करायचे आहेत. एक सागवानी जेवणाचं टेबल, मध्यम चकाकी, पॉलिश कोणतं मारलंय ते माहीत नाही. दुसरं व्हेनियरचं (म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) कॉफी टेबल, त्यावर ५ मिमीची काच नुसती टेकवलेली आहे. तिसरं संगमरवरी टॉपचं छोटं साइड टेबल.

वापर असा: गार पाण्याचे आणि बर्फ घातलेल्या पेयांचे ग्लास, कॉफीचे मग, कधी गरम भांडं. सागवानी टेबलावर एक पांढरं वर्तुळ आणि कडेला एक काळपट डाग आहे. काचेखाली व्हेनियरवर धुरकट ठिपके दिसायला लागलेत.

१) कॉर्क, फेल्ट, सुती, सिरॅमिक, दगड, सिलिकॉन यांतलं कुठे काय चालेल? २) आकार आणि जाडी किती असावी? ३) मॅट घसरू नये म्हणून खाली जाळीदार रबरी शीट घालावी का? ४) आधीचे डाग निघतील का? ५) क्रोशाचे किंवा कापडी कोस्टर घरी केले तर खरंच उपयोगी पडतात की नुसते शोभेचे?

दिसायला चांगले हवेत, पण टेबल आधी वाचलं पाहिजे.

रंधा_छिन्नी

कोस्टर निवडण्याआधी पॉलिश ओळखा. एकच मग पीयूवर (पॉलियुरेथेनच्या पॉलिशवर) तासभर ठेवला तर काही होत नाही आणि चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर पाच मिनिटांत वर्तुळ उमटतं.

टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाच्या आतल्या अंगाला, जिथे तेच पॉलिश मारलंय पण नजर जात नाही, तिथे तपासा. आधी पाण्याचा एक थेंब ठेवा. पाच-दहा मिनिटांत मुरला आणि लाकूड गडद दिसलं तर वर फक्त तेल किंवा मेण आहे. थेंब तसाच उभा राहिला तर तो पुसून कापसाच्या काडीवर स्पिरिट घ्या आणि एक मिनिट टेकवून धरा. चिकट झालं, काडीला तपकिरी रंग आला तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही तर दुसऱ्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून बघा. चिकट झालं, बोटाचा ठसा उठला तर एनसी लॅकर. थिनरनेही काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू. ही दोन्ही रासायनिक क्रियेने घट्ट होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत.

आता यातून काय ठरतं ते. चपडा साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला मऊ पडतो, मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं. नुकत्याच भरलेल्या मगाचा तळ तेवढा सहज तापतो. म्हणून या दोन्हींवर कोस्टरचं पहिलं काम उष्णता अडवणं. एनसी लॅकर उष्णतेलाही कच्चं, शिवाय मऊ प्लास्टिकला फार कच्चं (त्यावर पुढे लिहितो). पीयूवर फक्त पाणी साचू दिलं नाही तरी बहुतेक भागतं.

पांढरं वर्तुळ आणि काळा डाग हे दोन वेगळे आजार आहेत. पांढरं म्हणजे ओलावा पॉलिशच्या थरात अडकलाय. उष्णतेने थर सैल होतो, वाफ आत शिरते आणि बारीक पोकळ्यांमधून प्रकाश विखुरल्यामुळे तिथे पांढरं दिसतं. लाकडाला धक्का लागलेला नसतो. काळा डाग म्हणजे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात पोचलं आणि लाकडातल्या टॅनिनची लोहाशी क्रिया झाली. लोह पाण्यातूनही येतं आणि गंजक्या डब्याच्या, कुंडीच्या स्टँडच्या तळातूनही.

आणि एवढं पाणी येतं कुठून? ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू जवळपास २४ अंश असतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार. बर्फाच्या ग्लासावर तासाभरात चमचाभर पाणी सहज जमतं. ते सगळं ओघळून तळाशी येतं आणि ग्लास आणि टेबल यांच्यातल्या फटीत ओढलं जातं. तिथून ते लवकर सुकत नाही, वर्तुळ उमटतं ते त्यामुळेच.

म्हणजे कोस्टरला तीन कामं करायची असतात: पाणी धरून ठेवणं, उष्णता अडवणं, आणि स्वतःच्या तळाने पॉलिशला इजा न करणं. तिसऱ्याकडे लोक बघतच नाहीत. दुकानात सगळी नक्षी वरच्या बाजूला असते. कोस्टर हातात घेतला की आधी उलटा करून बघा.

जाळीदार रबरी शीटबद्दल: नको. त्या बहुतेक जाळ्या फोम केलेल्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडून लॅकरमध्ये शिरतो. काही आठवड्यांत लॅकर मऊ होतं, जाळी चिकटते, उचलली की तिचाच ठसा टेबलावर राहतो. हा ठसा पुसून जात नाही, वरचा थर काढून पुन्हा पॉलिश करावं लागतं. पारदर्शक पीव्हीसीचं टेबल कव्हर, दिव्याच्या बुडाचे रबरी पाय, काही स्वस्त मॅटची मऊ चकचकीत पाठ, सगळ्यांची तीच तऱ्हा. चपड्यावर आणि एनसीवर अजिबात नको. पीयूवर धोका कमी, तरी महिनोन्‌महिने न हलवता ठेवू नका.

चांगला सिलिकॉन प्लास्टिसायझरवाला नसतो, त्यामुळे तो असा चिकटत नाही. पण त्यातून अल्प सिलिकॉन तेल पृष्ठभागावर उतरू शकतं. आज त्याने काही बिघडत नाही. पुढे कधी टेबल पुन्हा पॉलिश करायला घेतलं की त्या जागी पॉलिश धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात. जुन्या, मोलाच्या टेबलावर मी सिलिकॉन टाळेन. ओट्यावर आणि लॅमिनेटवर खुशाल वापरा.

सुईदोरा

पाचव्या प्रश्नाबद्दल. क्रोशाचे आणि कापडी कोस्टर पाणी शोषण्यात सिरॅमिकपेक्षा कितीतरी सरस आहेत. मात्र एक अट आहे: धागा शंभर टक्के सुती हवा. ॲक्रिलिक लोकरीचे रंग सुंदर असतात, पण ती पाणी शोषत नाही, थेंब तसेच खाली जाऊ देते, आणि खूप गरम भांड्याखाली वितळून कडक होते. मर्सराइज्ड सुती दोरा चमकदार दिसतो पण साध्या दोऱ्यापेक्षा पाणी सावकाश पितो. कोस्टरला बिनचमकीचा साधा सुती दोराच घ्या.

१० सेंमीचा गोल कोस्टर असा होतो. मध्यम जाडीचा सुती दोरा, ३.५ मिमीची क्रोशाची सुई, एका कोस्टरला साधारण १०-१२ ग्रॅम दोरा. ओढून आवळता येईल असा फास करा, त्यात १२ खांब घाला (सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब) आणि फास आवळून घ्या, मध्ये भोक राहू देऊ नका. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसरीत एक आणि दोन आलटून पालटून, ३६. चौथीत एक, एक, दोन असं, ४८. इथे थांबा. हात सैल असेल तर हाच कोस्टर ११ सेंमीपर्यंत जातो, मग ३ मिमीची सुई घ्या.

फसतं ते मोजणीत. खांब कमी पडले तर कडा वर उचलून कोस्टर वाटीसारखा होतो आणि ग्लास त्यात डुलतो. जास्त झाले तर कडेला झालर पडते. प्रत्येक फेरी संपल्यावर मोजायचंच. शेवटी ओलं करून, सपाट पाटावर टाचण्यांनी गोल ताणून, पूर्ण सुकू द्यायचं. ही पायरी गाळली तर मोजणी बरोबर असूनही कोस्टर टेबलावर सपाट बसत नाही. खांबाखांबांमधल्या जाळीच्या नक्षी, पाकळ्या, उठावाची फुलं हे सगळं चौथ्या फेरीच्या बाहेर ठेवा. ग्लासाचा तळ जिथे बसतो तिथे उठाव आला की ग्लास तिरका होणार.

कापडी चौकोनी कोस्टरसाठी कापड आधी धुऊन, सुकवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वर-खालचं कापड वेगवेगळं आटलं की कोस्टर मुरडतो. १२×१२ सेंमीचे दोन तुकडे आणि तेवढ्याच आकाराची कापसाची वॅडिंग (आत घालायचा मऊ थर) कापा. पॉलिस्टर वॅडिंग नको, ती फुगीर असते, ग्लास अस्थिर होतो आणि पाणी धरत नाही. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर, वॅडिंग सर्वात खाली, कडेपासून ७ मिमीवर शिलाई. एका बाजूच्या मधोमध ५ सेंमी उघडं ठेवा. उघडी जागा कोपऱ्यावर आली तर कोपरा कधीच नीट निघत नाही. कोपऱ्यांची टोकं शिलाईपासून २ मिमी सोडून कापा, उलटा, इस्त्री करा, मग कडेपासून ३ मिमीवर चारही बाजूंनी वरून शिलाई मारा. त्यात ती उघडी जागाही बंद होते. आतमध्ये २ सेंमी अंतराने तीन-चार आडव्या शिलाया, नाहीतर धुतल्यावर वॅडिंग गोळा होते. तयार आकार सुमारे १०.५ सेंमी.

गडद लाल, निळा, काळा रंग वापरणार असाल तर पांढऱ्या ओल्या रुमालावर कापड दहा मिनिटं वजनाखाली दाबून ठेवा. रुमालाला रंग लागला तर टेबलालाही लागणार. तेल-मेणाच्या लाकडावर हा रंग आत मुरतो.

लोकरीचा फेल्ट मला कोस्टरसाठी सर्वांत आवडतो, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा घेऊनही हाताला ओली लागत नाही. ३ ते ५ मिमी जाडी घ्या. पॉलिस्टरचा फेल्ट दिसायला तसाच असतो पण त्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. घेताना थेंब टाकूनच ओळखा, नवा लोकरीचा फेल्टही आधी थोडा वेळ घेतो पण मग पितो. आणि गरम पाण्यात धुऊ नका, आटतो.

पानगळ

दोघांचे आभार. दोन शंका. सुती किंवा फेल्टचा कोस्टर पाणी पितो म्हणजे तो खालूनही ओला होणार ना? आणि कॉर्कचा कोस्टर ग्लासाला चिकटून वर येतो आणि मध्येच सुटून पडतो, त्याला काय करावं? चकचकीत सिरॅमिकवर तर पाण्याचं तळंच होतं.

गारगोटी

दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे, पाणी कुठे थांबवायचं.

कोस्टर ग्लासाला चिकटतो कारण सपाट तळ आणि सपाट कोस्टर यांच्यात पाण्याचा पातळ थर बसतो आणि हवेला आत जायला वाट उरत नाही. १० सेंमी व्यासाची, ४ मिमी जाडीची कॉर्कची चकती सात-आठ ग्रॅमची असते, ती सहज उचलली जाते. त्याच आकाराची ६ मिमीची स्लेट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, ती जागची हलत नाही. म्हणून एकतर वजन द्या, नाहीतर तो थर मोडा. कॉर्कवर धारदार कटरने १ मिमी खोल, १ सेंमी अंतरावर चौकटीच्या रेघा मारल्या की हवेला वाट मिळते आणि चिकटणं बरंच कमी होतं. याहून चांगला उपाय म्हणजे सिरॅमिक किंवा दगड वर आणि कॉर्क खाली.

चकचकीत ग्लेझ असलेली टाइल एकटी वाईट कोस्टर आहे. पाणी शोषत नाही, ग्लास उचलला की तळाला लागलेलं सगळं पाणी कपड्यांवर आणि टेबलावर गळतं, आणि तिची न ग्लेझ केलेली पाठ टेबलाला ओरखडे पाडते. ती वापरायचीच असेल तर ३-५ मिमी उंच कड असलेली घ्या आणि आत फेल्टची किंवा क्रोशाची चकती बसवा. मग तुमच्या पहिल्या शंकेचंही उत्तर मिळतं: वरची चकती पाणी पिते, खालची थाळी ते टेबलापर्यंत जाऊ देत नाही, आणि चकती उचलून धुता येते. उघड्या लाकडावर नुसता कापडी कोस्टर गार पेयाखाली दोन तास ठेवून देणं उलट जास्त नुकसान करतं. थेंब निदान हवेने सुकतो, ओल्या कापडाखालचं पाणी सुकत नाही.

पाठीला कॉर्क लावायचा असेल तर २ मिमीची शीट घ्या आणि कोस्टरपेक्षा सगळीकडून २ मिमी आत कापा. १० सेंमीच्या टाइलला ९.६ सेंमीचा तुकडा. काठोकाठ कापला तर कडेने ओघळलेलं पाणी कॉर्क ओढून घेतो आणि कडा सुटायला लागते. टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवा, धूळ राहिली तर गोंद धुळीला चिकटतो, टाइलला नाही. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच जोडा आणि २४ तास वजनाखाली ठेवा. साधा पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद ओलाव्याने काही महिन्यांत सुटतो. चार कोपऱ्यांना चार ठिपके चिकटवण्याऐवजी पूर्ण शीट लावा. ठिपक्यांच्या मधल्या फटीत वाळूचा कण अडकला की तोच ओरखडे ओढतो.

डायटोमाइटचे (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या सच्छिद्र मातीचे) कोस्टर, ज्यांवर थेंब टाकताच नाहीसा होतो, पाण्यासाठी उत्तम आहेत. बारीक छिद्रांमधून पाणी ओढलं जातं आणि वरच्या वर सुकतं. कॉफी, दूध, साखरेची पेयं मात्र ही छिद्रं बुजवतात आणि काही महिन्यांत तो साधा दगड होतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की वरचा बुजलेला थर निघतो, पण हे नेहमी ओलं करून आणि नाका-तोंडावर चांगला मास्क लावून करा, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये डायटोमाइटचे मॅट आणि कोस्टर त्यात ॲस्बेस्टॉस सापडल्यामुळे मोठ्या प्रमाणावर परत मागवले गेले होते. बनावट कुठली ते स्पष्ट नसेल तर घासण्याच्या भानगडीत पडू नका, तुटलेला तुकडाही वापरू नका.

रेझिनचे कोस्टर सुंदर दिसतात, पण हौशी कामाच्या बऱ्याच इपॉक्सी साधारण ५० अंशांपासून मऊ पडायला लागतात. गरम मगाचा गोल ठसा त्यावर कायमचा राहतो, कधी कोस्टरच मगाला चिकटतो. गार पेयांसाठीच ठेवा, किंवा उष्णतारोधक रेझिन आहे आणि किती अंशांपर्यंत, हे छापलेलं बघून घ्या. ओतल्यावर ते दुसऱ्या दिवशी कडक लागतं, पण पूर्ण पक्व व्हायला आठवडाभर द्यावा.

संगमरवराचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पाण्यापेक्षा आम्लाची भीती. लिंबाचा रस, व्हिनेगर, फळांचे रस, वाइन, सोडा यांतलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला खातं आणि चकाकी गेलेला मंद ठिपका पडतो. हा डाग नसतो, दगडाचा वरचा थरच गेलेला असतो, त्यामुळे साबणाने कधीच निघत नाही. सीलर मारलेला असला तरी हे होतं, सीलर फक्त मुरणारे डाग रोखतो. हलका ठिपका मार्बल पॉलिशिंग पावडर ओल्या फेल्टने घासून परत चमकवता येतो, नखाला खड्डा लागला तर कारागीर बोलवा. इथे कड असलेला, न शोषणारा कोस्टर वर आणि खाली फेल्ट किंवा कॉर्क, हीच जोडी. लोखंडी नक्षीचे स्टँड संगमरवरावर नकोत, ओलाव्याने गंज उतरतो आणि तो काढणं कठीण.

चपडा_पॉलिश

डागांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

पांढऱ्या वर्तुळाला आधी दोन दिवस काही करू नका. ताजं असेल तर कोरड्या हवेत पुष्कळदा आपोआप फिकट होतं. राहिलं तर हेअर ड्रायर सर्वात कमी उष्णतेवर, १५-२० सेंमी अंतरावरून, सतत हलवत, एका वेळी मिनिटभर. लाकूड हाताला कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. मग थंड होऊ द्या आणि बघा. चपड्यावर हे फार जपून, तो स्वतःच मऊ पडतो. पुढची पायरी पेट्रोलियम जेली: वर्तुळावर पातळ थर, रात्रभर, सकाळी पुसून टाका. तरीही उरलं तर ०००० नंबरचं, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल खनिज तेलात बुडवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने अगदी हलकं फिरवा, आठ-दहा हात, पुसा, पुन्हा बघा. चकाकी थोडी मंद होते, वर मेणाचा हात दिला की मिसळून जाते. टूथपेस्ट लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ती घासूनच काम करते, पण किती घासली ते कळत नाही आणि रेषांमध्ये पांढरी पूड बसते. मी सुचवणार नाही.

काळा डाग वरून कधीच निघत नाही, तो पॉलिशखाली आहे. पॉलिश पूर्ण काढून, उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक आम्ल. एक लिटर गरम पाण्यात साधारण ६०-८० ग्रॅम विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नाही. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट चकता राहतो, म्हणून पूर्ण फळीवर ब्रशने लावा. सुकल्यावर पांढरे स्फटिक दिसतील. ते कोरडे घासू नका, धूळ नाका-घशाला जाळते. भरपूर स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, एक-दोन दिवस सुकवा, मग पॉलिश. आम्ल विषारी आहे: हातमोजे, चष्मा, मुलं आणि जनावरं लांब.

व्हेनियरला मात्र हे स्वतः करू नका. व्हेनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, पॉलिश काढताना तेच फाटतं, आणि पाण्याने खालचा गोंद सुटतो.

काचेखालचे धुरकट ठिपके म्हणजे काच आणि पॉलिश यांच्यात शिरलेलं पाणी. कडेने सांडलेलं पाणी त्या फटीत ओढलं जातं आणि हवा नसल्यामुळे आठवडेच्या आठवडे तिथे राहतं. उघड्या टेबलावर तेच पाणी सांडतं तेव्हा दिसतं तरी, लगेच पुसलं जातं. काच काढा, टेबल तीन-चार दिवस मोकळं ठेवा, बरेच ठिपके तेवढ्यानेच जातील. परत ठेवताना चार कोपऱ्यांना आणि एक मीटरपेक्षा लांब काच असेल तर मधेही, १ सेंमी व्यासाचे, दीड-दोन मिमी जाडीचे पारदर्शक पॉलियुरेथेनचे ठिपके लावा. पीव्हीसीचे नकोत, कारण वर आलंच आहे. काचेवरही कोस्टर लागतोच, कारण पाणी कडेकडे वाहतं.

पानगळ

सागवानी टेबलाखाली तपासलं. पाण्याचा थेंब तसाच राहिला, स्पिरिटने काही झालं नाही, थिनरने लगेच चिकट झालं आणि बोटाचा ठसा उठला. म्हणजे एनसी. मग या टेबलावर नेमकं काय? मोठे मॅटही हवेत. आणि कॉफी टेबलाला नवं पॉलिश करून घ्यायचा विचार आहे.

रंधा_छिन्नी

एनसीच. मग प्लास्टिकच्या पाठीचं काहीही या टेबलावर येऊ देऊ नका, प्लेटखालचे विणलेले पीव्हीसीचे मॅटसुद्धा. ते फार सोयीचे असतात, पुसले की स्वच्छ, पण पीयू आणि लॅमिनेटसाठी. आणखी एक, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन आणि बरेचसे परफ्यूम एनसीला खातात. ती बाटली मॅटवरसुद्धा ठेवू नका, सांडलं तर मॅटमधून खाली जातं.

कोस्टर: ४ ते ६ मिमी जाडीचा कॉर्क, १० सेंमी. ग्लासाचा तळ ६-८ सेंमी असतो, मगाचा ९ पर्यंत जातो, म्हणून ९ सेंमीचा कोस्टर मगाला अपुरा पडतो आणि मग अर्धा बाहेर ठेवला जातो. दीड-दोन मिमीचा कॉर्क एकटा वापरू नका, एका बाजूने ओला झाला की कडा उचलतो. कॉर्कची उष्णतावाहकता ०.०४-०.०५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास आहे, लाकडाच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे मगाची उष्णता तो अडवतो. दगड आणि सिरॅमिक उष्णता चटकन खाली सोडतात, म्हणून त्यांना पाठीला कॉर्क नसेल तर एनसीवर गरम मगासाठी ते निरुपयोगी.

चुलीवरून थेट उतरलेलं भांडं कोणत्याही सपाट मॅटवर ठेवू नका. जाड बुडाच्या भांड्याचा तळ दोनशे अंशांच्या वर असू शकतो, आणि अर्धा तास तिथेच बसतो. पाय असलेली लाकडी किंवा धातूची तिवई घ्या, खाली निदान १.५-२ सेंमी हवा खेळली पाहिजे, पायांना फेल्ट. तिवईखाली पुन्हा मॅट असेल तर उत्तम.

प्लेटचे मॅट ४५×३० सेंमी. माणशी टेबलाची ६० सेंमी कड धरली की दोन मॅटमध्ये ग्लासापुरती जागा उरते. मॅट ५ मिमीपेक्षा जाड नको, कारण ग्लास अर्धा मॅटवर आणि अर्धा टेबलावर आला की कलंडतो. जाड सुती किंवा तागाचा मॅट चालेल, तागाला पाठीमागे सुती अस्तर लावा, त्याचा खरखरीतपणा लॅकरची चकाकी घासून काढतो.

सुईदोरा

मॅट घसरू नये म्हणून जाळीऐवजी: पाठीला जाड सुती फ्लॅनेल किंवा पातळ लोकरीचा फेल्ट शिवा. दोन्ही पॉलिशला पकड देतात आणि काही सोडत नाहीत. चार कोपऱ्यांत अस्तराच्या आत छोटी सपाट वजनं, म्हणजे पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात तशी, शिवली तर मॅट जागेवर राहतो. शिसं नको, स्टीलची घ्या आणि प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात बंद करून शिवा, धुताना गंज कापडाला लागणार नाही.

जेवण झाल्यावर मॅट उचलायचे, खालचं पुसायचं, मॅट उभे करून किंवा दोरीवर वाळवायचे. ओल्या मॅटची थप्पी घातली की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात, सुती कापडावरचे ते पूर्ण कधीच जात नाहीत. कॉर्क धुवायचा तर साबणाच्या ओल्या स्पंजने पुसा, बुडवून ठेवू नका, आणि कडेवर उभा करून सुकवा.

चपडा_पॉलिश

नवं पॉलिश करणार असाल तर ते हाताला कोरडं लागणं आणि पूर्ण पक्व होणं यांत खूप अंतर आहे. तेलावर आधारित पीयूला साधारण महिना लागतो. तोवर त्यावर मॅट, फेल्टचे पाय, काच, काही पसरून ठेवू नका. खाली विणीचा ठसा उमटतो किंवा तेवढीच जागा मऊ राहते. ग्लास ठेवावा लागलाच तर कोस्टरसकट ठेवा आणि कोस्टरसकट उचला.

महिन्यानंतरही मोठा मॅट कायम एकाच जागी राहू देऊ नका. साग आणि इतर बरीच लाकडं उजेडाने रंग बदलतात, मॅटखालची जागा तशीच राहते, आणि सहा महिन्यांनी मॅट उचलला की त्याचा चौकोन टेबलावर दिसतो. मॅट आठवड्याला थोडे सरकवायचे आणि जेवणाव्यतिरिक्त काढून ठेवायचे. चौकोन आधीच पडला असेल तर मॅट काढून टेबल उजेडात राहू द्या, काही महिन्यांत फरक कमी होत जातो. घासून काढायला जाऊ नका, कारण आजूबाजूचं गडद झालेलं लाकूडच तिथे निघेल आणि पुन्हा वेगळा चकता तयार होईल.